बागेचा वहिवाटदार

आमच्या घरी माळ्यावर पत्र्याची एक पेटी आहे. तीत आजोबांचे कागद आहेत. आजोबा बडोदे संस्थानात वहिवाटदार होते. नवसारी प्रांतातल्या दोन-तीन महालांत त्यांची नोकरी झाली. गेल्या उन्हाळ्यात धाकटा पुतण्या पुण्याहून आला होता. त्याने ती पेटी खाली काढली, कागद उलटसुलट केले आणि मला विचारले, "काका, वहिवाटदार म्हणजे जमिनीचा मालकच ना?"

मला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. ज्या शब्दावर या शहरातल्या कितीतरी मराठी घरांच्या चुली पेटल्या, तो शब्द तीन पिढ्यांत परका झाला. ब्रिटिश मुलखात ज्याला मामलेदार म्हणत, त्याला आपल्याकडे वहिवाटदार म्हणत. महालाचा वसूल, दप्तर, तंटेबखेडे सारे त्याच्या हाती. पण एक गुंठाही त्याच्या नावचा नाही. वहिवाट त्याची, धनी दुसरा. बदलीचा हुकूम आला की सारे मोजून पुढच्या माणसाच्या स्वाधीन करायचे आणि बिऱ्हाड बैलगाडीत घालायचे. त्या पेटीत अशी एक सोपवणुकीची यादी आहे. तिजोरीच्या किल्ल्या, दप्तराचे रुमाल, भिंतीवरचे घड्याळ, खुर्च्या, आणि अगदी शेवटी कचेरीच्या आवारातली झाडे: आंबे ७, चिंचा २, कडुनिंब ११. खाली देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. वडील सांगत की, त्या सात आंब्यांच्या फळांचा दरसाल लिलाव होई आणि आजोबा स्वतः त्यात बोली लावून, पैसे भरून, घरी आंबे आणीत. लहानपणी मला हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटे.

ही यादी मला आठवली ती एका अगदी वेगळ्या ग्रंथाच्या वाचनात. फत्तेगंजात माझे एक स्नेही राहतात. ते मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती. आम्ही दोघांनी एकाच शाळेत उमेदीची वर्षे घालवली, ते गणित शिकवीत, मी इतिहास. एकदा बोलता बोलता मी म्हणालो, "तुमच्या धर्मात काम म्हणजे शापच की! आदामाने फळ खाल्ले म्हणून तर माणसाच्या कपाळी घाम आला." ते शांतपणे म्हणाले, "दुसरा अध्याय वाचा, मग बोलू." मी वाचला. हिब्रूतले मला अक्षर कळत नाही. पण त्यांच्या कपाटात जाड जाड भाष्ये आहेत आणि त्यांना शंका विचारलेली आवडते. पुढे जे लिहितो आहे त्यातले शब्दार्थ त्यांचे आहेत, मते माझी.

तसे पाहता ही कथा मराठीला नवी नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात राहून सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात सृष्टीची उत्पत्ती आलेली आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावी बसून मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सबंध बायबल सोप्या मराठीत उतरवले आणि ते काम हातावेगळे करून १९२२ साली त्या वारल्या. तेव्हा आपण ही कथा वाचली नसेल, तर भाषेची सबब सांगता येणार नाही.

पहिली गोष्ट अशी की, काम शापाच्या आधी आले. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर माणूस घडवतो, बाग लावतो आणि माणसाला त्या बागेत कामावर ठेवतो. सर्प, फळ, घाम हे सारे तिसऱ्या अध्यायातले. शाप उच्चारला जातो तोही कामावर नव्हे, माणसामुळे जमिनीवर: ती काटेकुसळे उगवील, म्हणून कष्ट वाढतील. बरे, ते फळ सफरचंद होते असेही मुळात कोठे नाही. चित्रकारांनी ते आपल्या पदरचे घातले.

याचे महत्त्व कळायचे तर शेजाऱ्यांकडे पाहावे लागते. बाबेलच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, जुन्या संस्कृतीत अत्राहासिस नावाच्या पुरुषाची एक कथा होती. इसवी सनापूर्वी सतराव्या शतकाच्या सुमारास मातीच्या विटांवर लिहिलेल्या तिच्या प्रती सापडल्या आहेत. तीत आधी कालवे खणण्याचे काम धाकटे देव करतात. पिढ्यान्‌पिढ्या गाळ उपसून ते कंटाळतात, अवजारे जाळतात आणि मध्यरात्री थोरल्या देवाच्या, एन्लिलच्या, दाराशी जमतात. जगातला हा पहिला संप म्हणायला हरकत नाही. मग तोड निघते ती अशी: एका देवाला मारून त्याचे रक्त-मांस मातीत कालवावे, त्यातून माणूस करावा आणि कुदळ-पाटी त्याच्या डोक्यावर द्यावी. पुढे माणसे इतकी वाढतात की त्यांच्या गलबल्याने एन्लिलची झोपमोड होते आणि तो त्यांच्यावर रोगराई, दुष्काळ नि शेवटी महापूर सोडतो. वेठबिगाराचे जे होते तेच माणसाचे होते.

यरुशलेम इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास पडले आणि यहुदी लोकांतली कर्ती माणसे बाबेलला नेली गेली. उत्पत्तीचा पहिला अध्याय त्या वनवासाच्या आगेमागे आजच्या रूपाला आला, असे पुष्कळ पंडित मानतात. म्हणजे ज्यांच्या डोळ्यांसमोर ते कालवे आणि ते बिगारी होते, अशा लोकांनी ही कथा सांभाळली. आणि तिच्यात देव कामाला कंटाळून माणूस करीत नाही. तो स्वतःच कामकरी आहे. दुसऱ्या अध्यायात माणूस घडवण्याला जे क्रियापद आहे, त्याच धातूपासून हिब्रूत कुंभाराचा शब्द बनतो. पुढे तो बाग 'लावतो'. कुंभाराचे आणि माळ्याचे काम ज्या देवाला शोभते, त्याच्या घरी कुंभार आणि माळी हलके कसे ठरतील? हा प्रश्न मी आपल्या परंपरेलाही विचारून पाहिला. पंढरीच्या विठोबाने संतांच्या घरी कामे केल्याच्या कथा आपण डोळे पुसत ऐकतो, आणि कीर्तन आटोपून घरी येताच कपबशी उचलायला हाक मारतो ती दुसऱ्या कुणाला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माणसाला बागेत कशासाठी ठेवले, ते सांगायला दोन क्रियापदे येतात. प्रचारातल्या मराठी भाषांतरात त्यांना 'मशागत' आणि 'राखण' असे दोन अस्सल शब्द मिळाले आहेत. हिब्रूत पहिले 'आबद': कसणे, राबणे, चाकरी करणे, गुलामालाही याच धातूवरून शब्द आहे. दुसरे 'शामर': जपणे, पहारा करणे, डोळ्यांत तेल घालून सांभाळणे. पुढे निवासमंडपाच्या सेवेसाठी लेवी नेमले जातात तेव्हाही हीच जोडी येते. म्हणजे बागेतले काम हे देवळातल्या सेवेच्या जातीचे मानलेले दिसते. माणसाला हिब्रूत 'आदाम' आणि जमिनीला 'आदामा' म्हणतात, ही गंमत वेगळीच. आपण मात्र जन्मभर मातीपासून हात राखून असतो; 'मातीला जाणे' हा आपला शब्दप्रयोग येतो तो कुणी गेल्यावर.

त्याआधीचे एक वाक्य मला फार विलक्षण वाटले. शेतात अजून झाडझुडूप उगवले नव्हते, आणि त्याची कारणे दोन दिली आहेत: पाऊस पडला नव्हता, आणि जमीन कसायला माणूस नव्हता. पाऊस आणि माणूस एका पंक्तीला! ही कथा माणसाला पृथ्वीवरचा आगंतुक मानीत नाही, तिच्या वाढीला पावसाइतकाच लागणारा मानते. हल्ली निसर्गावर बोलताना माणूस नसता तर बरे झाले असते असा सूर काही मंडळी लावतात. त्यांनी हे वाक्य पाहावे.

पण दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकायला हवे, कारण ते जोरदार आहे. लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने १९६७ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख लिहिला. आजच्या पर्यावरण-संकटाचे मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहे, सृष्टी केवळ माणसासाठी आहे ही समजूत तिथे रुजली आणि तिनेच नांगर, यंत्र, कारखाना यांना मोकळे रान दिले, असे त्याचे म्हणणे. व्हाइट स्वतः ख्रिस्तीच होता. लेखाच्या शेवटी त्याने असिसीच्या संत फ्रान्सिसला आदर्श म्हणून पुढे केले, आणि १९७९ साली पोपनी फ्रान्सिसला पर्यावरणरक्षकांचा आश्रयदाता संत म्हणून जाहीरही केले. व्हाइटचा रोख पहिल्या अध्यायावर पडतो. तिथे माणसाला सांगितले आहे की, पृथ्वी व्यापा, ती ताब्यात आणा, मासे-पाखरे-जनावरे यांच्यावर सत्ता चालवा.

माझ्या स्नेह्यांनी इथे वकिली केली नाही, म्हणून त्यांच्याविषयी आदर वाढला. ताब्यात आणण्याचे क्रियापद 'काबश' कठोरच आहे, असे ते म्हणाले. जिंकलेल्या मुलखाला आणि जबरीने गुलाम केलेल्या माणसांनाही ते लावलेले आहे. ते गुळगुळीत करण्यात अर्थ नाही. सत्तेच्या क्रियापदाची, 'रादा'ची, गोष्ट मात्र निराळी. लेवीय पुस्तकात धन्याला बजावले आहे की, चाकरीला राहिलेल्या भावावर कठोरपणाने सत्ता चालवू नको. यहेज्केल संदेष्टा इस्राएलाच्या मेंढपाळांना, म्हणजे राज्यकर्त्यांना, झोडपतो ते त्यांनी कळपावर जुलमाने सत्ता चालवली म्हणून. दोन्हीकडे क्रियापद हेच. म्हणजे सत्ता कशी नसावी हे तोच ग्रंथ त्याच शब्दाने सांगतो. शिवाय पहिल्या अध्यायात ही सत्ता देऊन होताच पुढे जेवणाची व्यवस्था आहे, आणि तीत माणसाला धान्य नि फळे तेवढी दिली आहेत. ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांना खायची परवानगी नाही. ती महापुरानंतर येते.

'देवाच्या प्रतिमेचा' माणूस हाही त्याच अध्यायातला शब्द. १९७९ साली सीरियात तेल फखेरिया येथे एका राजाचा दगडी पुतळा मिळाला. त्यावरच्या अरामी लेखात त्या पुतळ्याला 'प्रतिमा' आणि 'प्रतिरूप' या अर्थाचे जे शब्द आहेत, ते उत्पत्तीतल्या शब्दांचे सख्खे भाऊ आहेत. प्राचीन राजे दूरच्या मुलखात अशा प्रतिमा उभारीत: राजा इथे नाही, पण अंमल त्याचा आहे. हे वाचले आणि मला आजोबांची कचेरी दिसली. भिंतीवर महाराजांची तसबीर, खाली खुर्चीत वहिवाटदार. फरक इतकाच की, या कथेत तसबिरीचा मान कुणा एका राजाला नसून स्त्री-पुरुष साऱ्या मनुष्यजातीला आहे. मान मोठा खरा. पण तसबीर ही मालक नव्हे.

कुणाला हे माझ्या सोयीचे अर्थ काढणे वाटेल. त्यांनी लेवीय पुस्तकाचा पंचविसावा अध्याय काढावा. तिथे तर जमीन-महसुलाची भाषा आहे. जमीन कायमची विकू नये, कारण ती देवाची आहे. तुम्ही तिच्यावर राहणारे उपरे आणि पाहुणे आहात. सहा वर्षे पेरा, सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्या. सातव्या दिवशी माणसाला जो विसावा, तोच चाकराला, बैलाला, गाढवाला आणि दारी आलेल्या परक्याला. कोकणातले बेने इस्राएल लोक तेलाचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून कुलाब्याकडे लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत, हे आपल्यापैकी जुन्या माणसांना ऐकून ठाऊक असेल. घाण्याच्या बैलाला आठवड्यातून एक दिवस मोकळा मिळावा, याचा हुकूम इतक्या लांबून आला होता.

आणि हा विसावा दिला नाही तर? त्याची तरतूद वाचून माझ्यातला वहिवाटदाराचा नातू चमकला. लोक परराष्ट्रांत पांगवले जातील, गावे ओस पडतील आणि तेवढ्या काळात जमीन आपले थकलेले विसावे भोगून घेईल, असे लेवीयात बजावले आहे; इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी, सत्तर वर्षे जमीन ओसाड राहिली आणि तिने आपली बाकी वसूल केली, अशी नोंद आहे. धारा थकवला तर सरकार जप्ती आणते. इथे जप्ती आणणारी स्वतः जमीनच आहे. अर्थात माणूस पळवाटा काढतोच. पॅलेस्टाइनमध्ये १८८९ चे विसाव्याचे वर्ष आले तेव्हा नव्या यहुदी वसाहतींचे पीक बुडू नये म्हणून जमीन तेवढ्यापुरती कागदोपत्री परधर्मीयाला विकायची तोड काही धर्मगुरूंनी काढली. २०२१-२२ च्या विसाव्याच्या वर्षीही इस्राएलात तिचा आधार घेतला गेला. आपल्याकडच्या कूळकायद्याच्या दिवसांतल्या वाटण्या आठवणाऱ्यांनी यावर फार हसू नये.

या सगळ्यात मला झोंबली ती बाब तिसऱ्या अध्यायाच्या अगदी शेवटी आहे. माणसाला बागेबाहेर काढले जाते. कशासाठी? जमीन कसायला, तिथे 'आबद' आहे. आणि बागेच्या पूर्वेस करूब, म्हणजे देवाचे पंखवाले पहारेकरी, फिरत्या तलवारीसह उभे केले जातात ते वाट राखायला. तिथे 'शामर' आहे. बागेत जी दोन कामे एका माणसाच्या दोन हातांत होती, ती बाहेर पडताना वाटली गेली: राबणारा एक, राखणारा दुसरा. पुढच्याच अध्यायात काइन जमीन कसणारा आहे, आणि भावाचा जीव घेतल्यावर तो उद्धटपणे विचारतो की मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? शब्द पुन्हा तेच. एका टीकाकारानेही ही फाळणी हाच खरा शाप आहे असे म्हटलेले माझ्या पाहण्यात नाही. मला तरी तसे वाटते. शाप घामाचा नाही. ज्याचा घाम गळतो त्याला राखण्याचा अधिकार नाही आणि जो राखतो त्याचे हात कोरडे, हा शाप आहे.

आपण जुनी मराठी घराणी राखणारी. सरदार, फडणीस, वहिवाटदार, वकील, मास्तर. आपण दप्तरे राखली, वाडे राखले, कुळाचार राखले, या परमुलखात भाषा राखली. याचा मला अभिमान आहे आणि तो मी सोडणार नाही. आजोबांनी लिलावात पैसे भरून आणलेले आंबे हे राखणदारीचे मोठे उदाहरण आहे, हे मला आता कळते. पण त्या सात आंब्यांच्या बुडाशी आळे कुणी केले, चैत्रात पाणी कुणी घातले, ते यादीत नाही. तसा रकानाच नव्हता.

दांडिया बाजाराकडचा आमचा वाडा २०२२ साली आम्ही चुलतभावंडांनी बांधकाम करणाऱ्याला दिला. मुले परगावी, छपरे गळत होती, दुसरा मार्ग मलाही दिसला नाही. वडील माणूस म्हणून सगळ्यांच्या वतीने व्यवहार मी पाहिला आणि कागदावर पहिली सही माझी आहे. वाटणीची यादीही मीच केली: सागवानी खांब, झोपाळा, तांब्या-पितळेची भांडी, देव्हारा, तसबिरी. अक्षर चांगले आले होते. मागच्या आवारातली बकुळ, पारिजातक, दोन रायआवळे आणि विहीर त्या यादीत नव्हती. मोजायचे सुचलेच नाही, आणि तेही झाडे मोजणाऱ्याच्या नातवाला.

त्या आवारात एकतीस वर्षे माळीकाका येत. आम्ही त्यांना कधी काही विचारले नव्हते, त्या वेळीही विचारले नाही. धाकट्या भावाने फोन करून कळवले आणि दोन महिन्यांचा पगार वर दिला. तेवढे आम्ही चोख केले. दुसऱ्या दिवशी ते खुरपी घेऊन नेहमीच्या वेळी आले. वाफे भिजवले. जाताना मला म्हणाले, "साहेब, विहिरीचे काय करणार?" मी म्हणालो, "बुजवतील." ते काही बोलले नाहीत. बकुळीखाली पडलेल्या बियांची रोपे उगवली होती, त्यांतली पाच-सहा त्यांनी मातीच्या गड्ड्यासकट काढली, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत घातली आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून नेली. मी ओसरीवर उभा होतो. ती त्यांनी कोठे लावली, हे मी त्यांना अजून विचारलेले नाही.